फॅट लागत नाही, डिग्री बसत नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सीमाभागातून दुधाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं या अंकात घेतली आहेत. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार आहे, ‘फॅट लागत नाही’, म्हणजे डेअरीच्या तपासणीत दुधातला स्निग्धांश कमी भरतो. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे. बाकीची गरजेपुरती.

प्रश्न : दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. दिवसाला दोघींचं मिळून २२ लिटर दूध डेअरीला घालतो. साखर कारखाने सुरू झाल्यापासून सकाळची फॅट ३.० ते ३.१ लागते, संध्याकाळची ३.६. भरडा आणि पेंड वाढवली, तर फॅट वाढायच्या ऐवजी आणखी उतरली. शेजाऱ्याची तशीच गाय, पण त्याला ३.६ लागते. मशीनमध्ये घोळ आहे का?
*दूध उत्पादक, बोरगाव (ता. निपाणी)*

मशीनकडे शेवटी येऊ. आधी धारेकडे पाहा.

सकाळ-संध्याकाळचा फरक हा बहुतेक वेळा दोन धारांमधल्या अंतराचा असतो. रात्रीचं अंतर १३ तासांचं आणि दिवसाचं ११ तासांचं असेल, तर सकाळी दूध जास्त निघतं आणि फॅट कमी लागते. म्हणून एका वेळच्या पावतीवरून गाईला नाव ठेवू नये. सकाळी १२.५ लिटर ३.०५ ने आणि संध्याकाळी ९.५ लिटर ३.६ ने गेलं, असं धरलं तर दिवसाची सरासरी ३.३ च्या आसपास येते. एचएफ संकरित गाईला ३.५ सहज लागायला हवी. म्हणजे शोधायची आहे ती ०.२ ते ०.३ ची तूट, एवढीच.

आता वासरू. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक गोठ्यांत धार संपत आली की वासराला शेवटचं सोडतात. नेमकं तिथेच लोणी जातं. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट एक-दोन टक्के असते, तर शेवटच्या धारांत सहा-सात टक्के, कधी त्याहून जास्त. स्निग्धांशाचे कण कासेच्या वरच्या बारीक पोकळ्यांत अडकून राहतात आणि कास रिकामी होत आली की खाली उतरतात. हिशेब करून बघा. गाईच्या कासेत सात लिटर दूध आहे आणि त्याची सरासरी फॅट ३.६ आहे. त्यातलं शेवटचं एक लिटर सात टक्क्यांचं आहे आणि ते वासराने प्यालं. उरलेल्या सहा लिटरची फॅट ३.०३ भरते. तुमच्या पावतीवर हाच आकडा दिसतो आहे.

उपाय सोपा आहे. पान्हा सोडण्यासाठी वासरू सुरुवातीला लावा आणि त्याच्या वाट्याचं दूध आधीच पाजा. नाहीतर एक सड सुरुवातीपासून त्याच्यासाठी सोडा आणि बाकीचे तीन सड पूर्ण निपटा. देशी गाई आणि म्हशी वासराशिवाय पान्हा चोरतात, त्यांना वासरू लावणं टाळता येत नाही. एचएफ संकरित गाय मात्र पहिल्या वेतापासून सवय लावली तर वासराविना धार देते. कास धुऊन पुसल्यापासून मिनिटभरात धार सुरू करा आणि सहा-सात मिनिटांत संपवा. पान्हा सोडवणाऱ्या संप्रेरकाचा जोर तेवढाच वेळ टिकतो. मध्येच फोन घेतला, डेअरीची गाडी आली म्हणून उठलात, की मागचं घट्ट दूध कासेतच राहतं. (रोज ऑक्सिटोसिनची सुई टोचून पान्हा काढणारे अजूनही आहेत. तो गुन्हा आहे आणि त्याची जनावराला सवय जडते.)

एकदा खात्री करून घ्यायची असेल तर एकाच धारेचे तीन नमुने वेगळ्या बाटल्यांत घ्या : सुरुवातीचा, मधला, शेवटचा. डेअरीवर तिन्ही लावून बघा. पहिल्यात दीड आणि शेवटच्यात सात असं काही आलं, तर गाय ठीक आहे आणि मशीनही ठीक आहे.

आता चाऱ्याचं. हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडी पट्ट्यात गव्हाणी उसाच्या वाड्याने, म्हणजे तोडलेल्या हिरव्या शेंड्यांनी भरतात. वाडं फुकट मिळतं, जनावर आवडीने खातं. त्यात प्रथिनं फार कमी असतात आणि ऑक्झलेट जास्त असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, जनावराच्या कामी येऊ देत नाही. दोन-तीन महिने निव्वळ वाड्यावर काढले की दूध घटतं, डिग्री (दुधाच्या घनतेचा आकडा) उतरते, गाभ धरण्याची तक्रार सुरू होते. पण फॅट उतरण्याचं कारण बऱ्याचदा वाडं नसून त्यासोबत केलेला बदल असतो. वाडं आलं म्हणून कडबा बंद होतो. मग दूध कमी झालं म्हणून मक्याचा भरडा वाढवला जातो.

स्निग्धांश तयार होतो तो मुख्यतः तंतुमय चाऱ्यापासून. कडबा, वाळकं गवत पोटात गेलं, जनावराने निवांत रवंथ केला, की पहिल्या कोठीत ॲसिटिक आम्ल तयार होतं आणि कास त्यापासून लोणी बनवते. भरडा जास्त झाला की कोठीत आंबटपणा वाढतो आणि ॲसिटिक आम्लाचं प्रमाण घटतं. दूध तेवढंच राहतं किंवा थोडं वाढतंही, फॅट मात्र उतरते. पेंड आणि भरडा वाढवल्यावर तुमच्याकडे नेमकं हेच झालं. शेण पातळ, बुडबुडे आलेलं, त्यात मक्याचे अख्खे दाणे दिसतात का पाहा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसायला हव्यात.

साधारण ४०० किलोच्या, ११ लिटर दुधाच्या गाईला असा बेत ठेवा : शाळूचा किंवा ज्वारीचा कडबा ४ ते ५ किलो, हिरवा चारा १५ ते २० किलो. त्यात वाडं निम्म्याच्या वर नको, बाकी मका, नेपिअर आणि जमेल तेवढा लसूणघास किंवा चवळी. पशुखाद्य शरीरपोषणाला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हणजे सहा किलोच्या आत. ते दोन वेळांऐवजी तीन-चार वेळांत विभागून द्या. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. भरड्याचा काही भाग कमी करून त्या जागी एक किलो सरकी पेंड घातली तर फॅटला फायदा होतो. खाण्याचा सोडा रोज ५० ते १०० ग्रॅम खाद्यात मिसळला तर कोठीतला आंबटपणा आवरतो. खाद्यात, दुधात नव्हे. त्याबद्दल पुढे आहेच. कुट्टी एक-दीड इंचाची ठेवा. भुसा होईल इतकी बारीक कुट्टी केली की रवंथ घटतो आणि कडबा घालूनही उपयोग होत नाही. बदल एकदम करू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, त्यानंतर पंधरा दिवसांनी पावती बघा.

राहिलं मशीन. ध्वनिलहरींवर चालणारी छोटी मशीन चुकतात ती तीन कारणांनी : नमुन्यात हवेचे बुडबुडे असतात, आधीच्या धुण्याचं पाणी नळीत राहिलेलं असतं, किंवा गाईचं दूध म्हशीच्या चॅनेलवर लावलेलं असतं. त्यापेक्षा मोठी चूक नमुना घेताना होते. दूध घरून येताना डबा संथ राहिला तर साय वर येते. वरून डाव बुडवला तर फॅट जास्त येते, तळातून घेतला तर कमी. डबा हलवण्याऐवजी दूध एका भांड्यातून दुसऱ्यात दोनदा ओता आणि लगेच नमुना घ्यायला सांगा. तरीही समाधान झालं नाही, तर तोच नमुना दूध संघाच्या प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने तपासून मागा. त्यात १० मिली गंधकाम्ल, त्यावर हळूच १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाइल अल्कोहोल घालून, ६५ अंश सेल्सियसला ठेवून यंत्रात फिरवतात. स्निग्धांशाचा पिवळसर स्तंभ स्वच्छ आला तरच आकडा धरायचा. काळे जळके कण दिसले तर आम्ल जास्त तीव्र होतं, पांढरे कण दिसले तर सौम्य होतं. दोन्ही वेळा चाचणी परत लावायची.

प्रश्न : घरी लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजणारी तरंगती नळी) घेतला आहे. हिवाळ्यात पहाटे रात्रीच्या दुधाची डिग्री २९ दाखवतो. डेअरीवर त्याच दुधाची २७ लागते आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातलं बाकीचं घनद्रव्य) कमी म्हणून दर कापतात. दोन डिग्री जातात कुठे?
*दूध उत्पादक, शेडबाळ (ता. कागवाड)*

थंडीत जातात. आपल्याकडे मिळणारे बरेच लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सियसला जुळवलेले असतात, तो आकडा नळीवर लिहिलेला असतो. दूध त्यापेक्षा थंड असलं की घट्ट होतं, लॅक्टोमीटर वर तरंगतो आणि डिग्री फुगून दिसते. ढोबळ नियम असा : २७ च्या खाली प्रत्येक अंशाला ०.२ वजा करा, २७ च्या वर प्रत्येक अंशाला ०.२ मिळवा. पहाटे तुमचं दूध १७ अंशांवर असेल तर २९ मधून २ वजा, उरले २७. डेअरीने हेच सांगितलं आहे.

उलटी चूकही होते. ताज्या, कोमट दुधात लॅक्टोमीटर सोडला तर डिग्री कमी दिसते, कारण त्यात हवा असते आणि लोणी पातळ असतं. धार काढल्यावर तासभर थांबा, दूध २५ ते २९ अंशांच्या दरम्यान आणा, फेस काढा. उंच, सरळ नळकांड्यात दूध काठोकाठ भरा आणि लॅक्टोमीटर कडेला न टेकवता वाचा. थर्मामीटरशिवाय लॅक्टोमीटर वापरणं म्हणजे निम्मं काम.

एसएनएफ थेट मोजत नाहीत, डिग्री आणि फॅटवरून काढतात. भारतीय मानकातलं सूत्र असं : डिग्री गुणिले ०.२५, अधिक फॅट गुणिले ०.२२, अधिक ०.७२. डिग्री २७ आणि फॅट ३.८ असेल तर ६.७५ + ०.८४ + ०.७२, म्हणजे ८.३. एक डिग्री घसरली की एसएनएफ पाव टक्का घसरतो. काही ठिकाणी शेवटचा आकडा ०.७२ च्या जागी ०.४४ किंवा ०.३६ धरतात, कारण त्यांचा लॅक्टोमीटर वेगळ्या तापमानाला जुळवलेला असतो. तेव्हा दोन डेअऱ्यांचा एसएनएफ ताडून पाहताना दोघांचं सूत्र एकच आहे का, हे आधी विचारा. सीमेच्या अल्याडपल्याड दोन संघांना दूध घालणाऱ्यांनी तर नक्कीच.

आणखी एक गोष्ट. लॅक्टोमीटर फसतो. पाणी घातलं तर डिग्री उतरते, साय काढली तर चढते. दोन्ही केलं तर आकडा जागच्या जागी राहतो. साखर, मीठ, युरिया घालूनही डिग्री चढवता येते. म्हणूनच फॅटशिवाय नुसत्या डिग्रीला अर्थ नाही.

प्रश्न : एक खिलार गाय आहे, दूध दिवसाला दीड-दोन लिटर. बेळगावात ‘ए-टू दूध’ म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने विकतात असं ऐकलं. खिलारचं दूध ए-टू असतंच का? ते खरंच औषधी असतं का? आणि म्हशीच्या दुधाला ए-टू का म्हणत नाहीत?
*शेतकरी, अथणी*

शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. म्हशीचं दूध ए-टूच असतं. फक्त त्या नावाने कुणी विकत नाही.

दुधातल्या प्रथिनांत बीटा-केसीन नावाचं एक आहे, २०९ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या ६७ व्या जागी प्रोलिन असेल तर ए-टू, हिस्टिडिन असेल तर ए-वन. फरक एवढाच. वशिंडाच्या देशी गाईंमध्ये, खिलारसकट, ए-टूचं प्रमाण फारच जास्त असतं. एचएफमध्ये दोन्ही आढळतात, त्यामुळे एखादी एचएफ संकरित गायही पूर्ण ए-टू असू शकते. वशिंड, रंग, शिंगं पाहून हे ठरत नाही. रक्त किंवा केसाची जनुकीय तपासणी करावी लागते.

ए-वन प्रथिन पचताना बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटतो आणि त्याचा संबंध काही आजारांशी जोडला जातो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, त्यांना कार्यकारणसंबंध आढळला नाही. काहींना ए-टू दुधाने पोट कमी जड वाटतं, असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण ज्यांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही, त्यांना ए-टूने काही फरक पडणार नाही. लॅक्टोज दोन्हींत सारखंच असतं. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ए-वन, ए-टू असे दावे पाकिटांवरून काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. तेव्हा ‘औषधी’ म्हणून विकू नका. ‘खिलार गाईचं, ताजं, बिनभेसळीचं’ म्हणून विका. ते खरं आहे आणि त्यालाही गिऱ्हाईक आहे.

आता पैशाचं गणित. उष्ण प्रदेशातल्या देशी गाईंच्या दुधात साधारण ४.५ ते ५ टक्के फॅट असते, एचएफ संकरितच्या दुधात ३.५ च्या आसपास. ऐकायला मोठा फरक वाटतो. पण दोन लिटर गुणिले ४.८ टक्के म्हणजे दिवसाला १०० ग्रॅमच्या आत लोणी, तर १२ लिटर गुणिले ३.५ टक्के म्हणजे ४२० ग्रॅम. दूध कमी म्हणून ते दाट. खिलार ही मुळात ओढकामाची जात, तिची खरी किंमत खोंडात आहे. दुधासाठीच देशी गाय ठेवायची असेल तर तुमच्याच कृष्णाकाठची ‘कृष्णा व्हॅली’ जात आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण मराठा संस्थानिकांनी गीर, ओंगोल आणि म्हैसूरकडच्या गाईंच्या मिश्रणातून ती घडवली. काळ्या रानात ओढणारी आणि खिलारपेक्षा जास्त दूध देणारी. आज ती शोधूनच सापडते.

खिलारचं दूध डेअरीच्या दरात परवडणार नाही. तूप करा. त्याचा पिवळा रंग हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचा असतो. म्हैस सगळ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध आणि तूप पांढरं. पिवळं तूप अधिक पौष्टिक, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

प्रश्न : आमच्या वाडीतून दूध गोळा करणारी गाडी धार काढल्यानंतर तीन तासांनी येते. उन्हाळ्यात आणि जून लागला की आठवड्यातून एकदोनदा दूध ‘फुटलं’ म्हणून परत येतं. थोडा सोडा घातला तर चालतो, असं काही जण सांगतात.
*महिला दूध उत्पादक, जांबोटी परिसर (ता. खानापूर)*

सोडा घालू नका, ताई. सोड्याने आंबटपणा झाकला जातो, जंतू तसेच वाढत राहतात. रोझॉलिक आम्लाचे दोन थेंब टाकले की सोड्याचं दूध गुलाबी-लाल होतं. हे तपासणं अगदी सोपं आहे, आणि कायद्याने ती भेसळच.

धारेतून दूध ३७-३८ अंशांवर बाहेर येतं. जंतू वाढायला याहून सोयीचं तापमान नाही, या उष्णतेत ते वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. ताज्या दुधाची स्वतःची रोधशक्ती दोन-तीन तास टिकते, ती नेमकी गाडी यायच्या वेळी संपते. ताज्या दुधाची आम्लता ०.१३ ते ०.१५ टक्के असते. ती ०.२ च्या पुढे गेली की उकळताना दूध फुटण्याचा धोका सुरू होतो.

म्हणजे दोनच गोष्टी हातात आहेत : सुरुवातीचे जंतू कमी ठेवणं आणि दूध लवकर गार करणं. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढून टाका, सडाच्या तोंडाशी साठलेले सर्वात जास्त जंतू त्यांतच असतात. कास धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या कासेवरून घाण पाणी ओघळून चरवीत पडतं. पावसाळ्यात दूध जास्त फुटण्याचं हे मोठं कारण आहे. चरवी आणि किटली आधी गार किंवा कोमट पाण्याने खंगाळा, नंतर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, मग कढत पाणी फिरवून पालथी घाला. पहिलंच पाणी कढत घातलं तर दुधाचं प्रथिन भांड्याला शिजून चिकटतं. त्याचा खरखरीत थर बसतो आणि जंतू तिथे घर करतात. ॲल्युमिनियमच्या जुन्या किटलीच्या गळ्याशी, आतल्या बाजूने बोट फिरवून बघा. प्लास्टिकचे डबे तर दुधासाठी नकोतच. ओरखड्यांतली घाण निघत नाही.

गार करण्यासाठी विहिरीचं पाणी पुरतं. किटली सिमेंटच्या छोट्या हौदात ठेवा. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या दुधापेक्षा वर हवी. पाणी वाहतं ठेवा किंवा दोनदा बदला आणि पहिल्या अर्ध्या तासात दूध स्वच्छ पळीने चार-पाचदा ढवळा. तोंडाला मलमल बांधा, घट्ट झाकण लगेच लावू नका. दूध २६-२७ अंशांवर आलं तरी तीन तास निभावतात. कालचं संध्याकाळचं दूध सकाळच्या कोमट दुधात मिसळू नका, दोन्ही जातील. आणि वाडीतल्या पाच-सात घरांनी मिळून संकलनाची वेळ बदलून घेता आली, धार तासभर उशिरा काढता आली, तर ते या सगळ्याहून स्वस्त पडेल.

एक अपवाद लक्षात ठेवा. दूध आंबट नसूनही फुटत असेल, तर कुणाच्या तरी घरचं चिकाचं दूध मिसळलं जात असण्याची शक्यता आहे. व्यायल्यापासून पहिले पाच दिवस दूध डेअरीला घालू नये. त्यातली निवळीची (दूध फुटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली) प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात. खरवस होतो तो त्यामुळेच.

प्रश्न : म्हशीचं दूध थोडं खारट लागतं. व्यायला नऊ महिने झाले.
*संकेश्वर*

वेताच्या शेवटी दुधातली साखर घटते आणि क्षार वाढतात, त्यामुळे खारट लागतं. चारही सडांचं सारखंच खारट असेल तर म्हैस आटवा, काळजीचं कारण नाही. एकाच सडाचं खारट असेल तर दगडीचा, म्हणजे कासदाहाचा संशय घ्या. काळ्या फडक्यावर पहिली धार मारून कण किंवा गाठी दिसतात का पाहा. कण नसले तरी डॉक्टरांकडून कासदाहाची चाचणी करून घ्या. सुप्त दगडीत दूध वरून चांगलंच दिसतं, फक्त डिग्री उतरते.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये खुराक तोच असूनही एसएनएफ ८.१ वर येतो. दर वर्षी हेच.
*कुडची (ता. रायबाग)*

उन्हाने जनावर खातं कमी आणि धापा टाकण्यात शक्ती घालवतं. एसएनएफ उतरतो तो प्रथिनांचा. कडबा आणि खाद्याचा मोठा भाग रात्री आणि पहाटे द्या, दुपारी नको. पाणी सावलीत, दिवसरात्र समोर हवं. उन्हाळ्यात दुभत्या गाईला ८० लिटर आणि त्याहूनही जास्त लागतं. म्हशीला घामग्रंथी कमी, कातडी काळी, तिला दुपारी डुंबायला किंवा अंगावर पाणी मारायला हवंच. गोठ्याच्या पत्र्यावर उसाचा पाला अंथरला तरी फरक पडतो. गाईच्या दुधाला कायद्याने किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ लागतो, तेव्हा ८.१ कडे दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : पूर्वी गवळ्याच्या दुधावर जाड साय यायची, पिशवीच्या दुधावर येत नाही. पिशवीत पावडर घालतात का? आणि हल्ली गवळ्याच्या दुधाचं दही मधूनच लागतच नाही, विरजण तेच असूनही.
*गृहिणी, शहापूर, बेळगाव*

पिशवीवर काय लिहिलं आहे ते आधी वाचा. टोन्ड म्हणजे ३.० फॅट आणि ८.५ एसएनएफ, स्टँडर्ड म्हणजे ४.५ आणि ८.५, फुल क्रीम म्हणजे ६.० आणि ९.०. म्हशीचं दूध सातच्या आसपास. टोन्ड दुधावर तशी साय येईलच कशी? त्यात ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलं असेल तर लोण्याचे कण मुद्दाम फोडलेले असतात आणि ते वर येत नाहीत. टोन्ड दुधात एसएनएफ जुळवायला दूध पावडर वापरायला कायद्याने परवानगी आहे, ती भेसळ नव्हे.

दह्याची गोष्ट मात्र गंभीर आहे. त्याच विरजणाने, त्याच दिवशी, पिशवीच्या दुधाचं दही लावून बघा. ते लागलं आणि गवळ्याचं लागलं नाही, तर दुधात प्रतिजैविक किंवा टिकवण्याचं रसायन असण्याची शक्यता मोठी. कासेत औषधाची ट्यूब सोडलेल्या जनावराचं दूध, औषधाच्या लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत विकायचं नसतं. बहुतेक ट्यूबना तीन-चार दिवस, काही इंजेक्शनना त्याहून जास्त. उकळून ते औषध पुरतं जात नाही. गवळ्याला थेट विचारा, ‘कुठल्या म्हशीला औषध चालू आहे?’ प्रामाणिक गवळी सांगतो आणि त्या म्हशीचं दूध बाजूला ठेवतो.

घरी करता येण्याजोग्या दोन तपासण्या : दूध आणि पाणी समप्रमाणात बाटलीत घेऊन जोरात हलवा. साबणासारखा दाट फेस टिकून राहिला तर डिटर्जंट. थोडं दूध उकळून गार करा, त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर पीठ किंवा स्टार्च.

प्रश्न : कुंद्यासाठी आम्ही स्वतः दूध आटवतो. म्हशीच्या दुधाचा तुटवडा आहे म्हणून गाईचं घेतलं, तर खवा कमी निघतो, चिकट होतो आणि दाणा पडत नाही.
*मिठाई व्यावसायिक, बेळगाव*

खवा म्हणजे दुधातलं घनद्रव्य आणि थोडं पाणी. ७ फॅट आणि ९ एसएनएफच्या म्हशीच्या दहा लिटरमध्ये साधारण १.६५ किलो घनद्रव्य असतं. ३२ टक्के ओलाव्याचा खवा त्यातून २.४ किलो निघतो. ३.३ आणि ८.३ च्या गाईच्या दुधात घनद्रव्य १.२ किलोच, खवा पावणेदोन किलो. हा फरक कढईत भरून काढता येत नाही, दूध घेतानाच दर फॅट-एसएनएफवर ठरवा.

चिकटपणाचं कारण वेगळं. म्हशीच्या दुधात केसीनचे कण मोठे, कॅल्शियम जास्त, आणि आटवताना तूप मोकळं सुटतं, म्हणून खवा मऊ आणि रवाळ होतो. गाईचा ओलसर, किंचित खारट आणि लगद्यासारखा राहतो. निम्मं-निम्मं मिश्रण करून पाहा. दाण्यासाठी उकळी येऊन दूध आटायला लागलं की पाच लिटरला साधारण २ ग्रॅम लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा आणि तेवढा वेळ खरवडणं मंद ठेवा. एकदम ओतलं तर पनीर फुटेल. साखर दाणा पडल्यावर घाला, आधी नाही. कुंद्याचा तपकिरी रंग साखर आणि दूध मंद आचेवर भाजून येतो. गडबडीत आच वाढवली तर तळाला लागतं, आणि तो करपट वास नंतर वेलदोड्याने झाकत नाही.